श्रुतापासून प्रज्ञेपर्यंत : प्रौढांचे ऑनलाइन शिक्षण आणि आपला विहार

शिकण्याचे वय कोणते, हा प्रश्न भगवान बुद्धांच्या संघाने अडीच हजार वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. राध नावाचा एक वृद्ध ब्राह्मण विहारात झाडलोट करून राहत असे. वय झाल्यामुळे त्याला प्रव्रज्या देण्यास कोणी पुढे येईना. या माणसाने आपल्याला एकदा पळीभर भात वाढला होता, एवढे स्मरून स्थविर सारिपुत्तांनी त्याला शिष्य करून घेतले. पुढे उपदेश न कुरकुरता ग्रहण करण्यात हाच राध इतरांना आदर्श ठरला. बहुपुत्रिका सोणा ही अनेक मुलांची आई. तीही उतारवयातच भिक्खुणी झाली. उशिरा आलो, तर वेळ दवडून चालणार नाही, असे मनाशी धरून ती रात्री विहाराच्या तळमजल्यावर अंधारात हाताने खांब धरून फिरत असे व चिंतन करीत असे, अशी कथा अट्ठकथेत आली आहे.

या कथा आपण प्रवचनांतून ऐकतो व साधुकार देतो. परंतु त्याच विहारात नित्य येणारी चाळिशी उलटलेली एखादी उपासिका जेव्हा म्हणते की, "मला राहिलेली दहावी पुरी करायची आहे", तेव्हा आपल्यापैकी किती जण तिला वाट दाखवू शकतात? नोकरीतून निवृत्त झालेला उपासक पालि शिकू म्हणतो, अंगणवाडीतील मदतनीस संगणक शिकू म्हणते, मोंढ्यातील हमाल राज्यघटना समजून घेऊ म्हणतो. त्यांच्या हाती मोबाइल आहे आणि त्या मोबाइलमध्ये आज विद्यापीठांचे वर्गही आहेत. तरीही बहुतेकांचे शिक्षण नाव नोंदविण्यापलीकडे जात नाही. असे का होते आणि नांदेड-लातूर भागातील आपले विहार यात काय करू शकतात, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

ज्ञानाच्या दारापर्यंतचे अंतर

आपला हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या मुलाला, त्यातही अस्पृश्य मानलेल्या मुलाला, उच्च शिक्षणाचे दार किती दूर होते हे वेगळे सांगावयास नको. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, त्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता आले. प्रौढ व कमावत्या माणसाच्या शिक्षणाचा विचार बाबासाहेबांच्या योजनेत प्रथमपासून होता, हे यावरून ध्यानी येते. १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सोसायटीचे महाविद्यालय उघडले. त्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. भिक्खू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयास द्यावे, यात विद्यार्थ्याने कसे असावे याची शिकवणच आहे.

बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षणही अखंड झाले नव्हते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. नोकरी केली, पैसे जमविले आणि १९२० साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते पुन्हा लंडनला गेले. अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी त्यांनी १९२३ मध्ये संपादन केली. ज्यांचे शिक्षण गरिबीने मध्येच तुटले, त्यांनी हा तीन वर्षांचा खंड विसरू नये.

पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपल्या समाजाने सोळा वर्षे संघर्ष केला. १९७८ साली नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आणि १९९३ साली नांदेडचे गौतम वाघमारे यांनी त्यासाठी प्राण वेचले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ विष्णुपुरीपर्यंत जवळ आले. आता ते घरातही आले आहे. ज्या दारासाठी माणसे मेली, ते दार उघडे असताना आपण उंबरठ्यावरच बसून राहावे, हे शोभणारे नाही.

कोणासाठी कोणती वाट

ऑनलाइन शिक्षण हा एकच मार्ग नाही. त्याच्या निरनिराळ्या वाटा आहेत आणि चुकीच्या वाटेने गेल्यास वेळ व पैसा दोन्ही वाया जातात. म्हणून आपल्याला काय हवे आहे, हे प्रौढ विद्यार्थ्याने आधी ठरवावे.

ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांच्यासाठी २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षर व्यक्ती त्यात येतात व स्वयंसेवक त्यांना शिकवितात. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांनी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसावे किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट धरावी.

ज्यांना पदवी हवी, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठे आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. त्याचे एक विभागीय केंद्र नांदेडला आहे. त्याची पाठ्यपुस्तके मराठीत असणे ही आपल्या माणसाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून कार्यरत आहे.

ज्यांना पदवी नको, एखादा विषय मात्र नीट शिकावयाचा आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू केले. येथे वय विचारले जात नाही व शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास तेवढे परीक्षा शुल्क भरावे लागते. प्रत्येक अभ्यासक्रमाची चार अंगे असतात : चित्रफितीतील व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि शंका विचारण्याची जागा. यातील एनपीटीईएलचे अभ्यासक्रम साधारणपणे चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. दर आठवड्याला स्वाध्याय द्यावा लागतो. अंतिम गुणांत स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के व परीक्षेचा ७५ टक्के असतो. ही परीक्षा घरी बसून देता येत नाही, नेमलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. जे एखाद्या महाविद्यालयात पदवीसाठी शिकत आहेत, त्यांना आपल्या विद्यापीठाच्या संमतीने २०२१ च्या नियमांनुसार 'स्वयम्'वरील श्रेयांक आपल्या पदवीत धरून घेता येतात. ज्या वाडीतांड्यावर नेटवर्क येत नाही, तेथे 'स्वयंप्रभा'च्या दूरदर्शन वाहिन्यांवरून व्याख्याने पाहता येतात. 'स्वयम्'बरोबर त्याच दिवशी अशा ३२ वाहिन्यांचा आरंभ झाला होता.

आणि ज्यांना धम्माचे मूळ वाचावयाचे आहे, त्यांच्यासाठी इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे समग्र तिपिटक देवनागरी लिपीत संगणकावर मोफत उपलब्ध करून दिले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी व पालि या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. आपली बोली आणि तथागतांच्या वचनांची भाषा यांचा हा योग आपण अभ्यासाने सार्थ करावा.

मध्येच का सुटते?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांनी २०१२ साली एडएक्स हा मोठा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. त्यावरील या दोन संस्थांच्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्या सर्वांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे केवळ ३.१३ टक्के होते. परंतु ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात हेच प्रमाण ४६ टक्के होते.

या दोन आकड्यांवर आपण थांबून विचार केला पाहिजे. व्याख्याने तीच, शिक्षक तेच, यंत्र तेच. फरक होता तो बांधिलकीचा. ज्याने काही पणास लावले, तो टिकला. ज्याच्याजवळ पैसा आहे, तो ही बांधिलकी शुल्क भरून विकत घेतो. ज्याची मजुरी दिवसाची दिवसाला संपते, त्याने ती कोठून आणावी?

याचे उत्तर धम्मात आहे. एकदा आनंदांनी भगवंतांस म्हटले की, कल्याणमित्रांची संगत म्हणजे निम्मे श्रेष्ठ जीवनच होय. भगवंतांनी त्यांना थांबविले व सांगितले की, निम्मे नव्हे, ते संपूर्णच होय. एकट्याने मोबाइलसमोर बसलेला प्रौढ विद्यार्थी पहिल्या कठीण पाठापाशी थांबतो, कारण तो थांबला हे कोणालाच कळत नाही. चार जण सोबत असतील, तर त्याच्या रिकाम्या जागेकडे कोणाचे तरी लक्ष जाते. पैशाने जी बांधिलकी येते, ती सोबतीनेही येऊ शकते, असे आमचे मत आहे.

शिक्षणाच्या पाच पायऱ्या

पालि सुत्तांत बहुश्रुत माणसाचे वर्णन करताना विद्येच्या पाच पायऱ्या येतात. पहिली ऐकणे, दुसरी ऐकलेले धारण करणे, तिसरी ते वाणीने परिचित करून घेणे, चौथी मनाने तपासणे आणि पाचवी दृष्टीने त्याच्या आरपार जाणे. मोबाइल आपल्याला प्रामुख्याने पहिल्या पायरीवर नेऊन सोडतो. उरलेल्या चार पायऱ्या विहारात, सोबतीने चढावयाच्या आहेत.

ऐकण्यासाठी लहान पडद्यावर डोळे ताणीत बसू नये. विहारात मोठा टीव्ही किंवा ध्वनिवर्धक असेल, तर व्याख्यान सर्वांनी मिळून ऐकावे. नेटवर्क चांगले असेल तेव्हा पाठ आधीच उतरवून घ्यावा. व्याख्याता भरभर बोलत असेल, तर गती कमी करण्याची सोय असते, ती वापरावी. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांचा मराठी अनुवादही झाला आहे, तो शोधावा.

धारण करण्यासाठी वही हवी. व्याख्यान संपले की, ते पुन्हा न पाहता पाच वाक्ये स्वतःच्या मराठीत लिहावीत. जे लिहिता आले नाही, ते कळलेले नाही असे समजावे व तेवढाच भाग पुन्हा ऐकावा.

वाणीने परिचय ही आपल्या परंपरेची खास पायरी. तिपिटक कित्येक शतके मुखोद्गत राहिले, ते सामूहिक पठणामुळे. गटातील प्रत्येकाने आळीपाळीने एकेक पाठ इतरांना समजावून सांगावा. इंग्रजी संज्ञा आली की, तिला आपल्या बोलीत काय म्हणू, हे सर्वांनी मिळून ठरवावे. शिकविणाऱ्याचे शिक्षण ऐकणाऱ्यापेक्षा अधिक होते.

मनाने तपासणे म्हणजे प्रश्न करणे. कालामांना भगवंतांनी परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून स्वीकारू नका, असे सांगितले. मग पडद्यावर दिसले एवढ्यावरून तरी आपण का स्वीकारावे? दर आठवड्याला प्रत्येकाने किमान एक शंका लिहून आणावी.

दृष्टीने आरपार जाणे म्हणजे ती विद्या जगण्यात उतरणे. हिशेब शिकलेल्या उपासिकेने बचत गटाची वही स्वतः लिहावी. राज्यघटना शिकलेल्या उपासकाने ग्रामसभेत प्रश्न विचारावा. पालि शिकलेल्याने वंदनेतील प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलांना सांगावा. असे झाले नाही, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि विद्या पडद्यातच राहील.

या वाटेवर सर्वांची गती सारखी नसते. चुळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहार सोडण्यास सांगितले. भगवंतांनी त्याच्या हाती पांढऱ्या कापडाचा तुकडा दिला आणि तो हाताने चोळीत राहण्यास सांगितले. कापड मळत गेले, तसतसे त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले. पाठांतराने जे साधले नाही, ते हाताच्या कामाने साधले. प्रौढ विद्यार्थ्यास मंद म्हणण्यापूर्वी त्याला शोभेल अशी रीत आपण दिली काय, हे पाहावे.

वर्षावासाचे बारा आठवडे

आमची सूचना साधी आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. दिवसभर राबून आलेली माणसे तीन महिने रोज एकत्र बसतात, ऐकतात, चर्चा करतात. हे प्रौढांचे लोकशिक्षणच होय. दाभडच्या बावरीनगर महाविहारात पौष पौर्णिमेच्या धम्म परिषदेस येणारा समुदाय पाहिला, तरी एकत्र बसून ऐकण्याची ही सवय आपल्यात किती खोल रुजली आहे, हे कळते.

'स्वयम्'ची सत्रे वर्षातून दोन, जानेवारी व जुलै. जुलै सत्रातील बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम साधारण ऑक्टोबरात संपतो. वर्षावासाचा काळही तोच. आपल्या भागातील कामाच्या चक्राशीही हा काळ जुळतो. खुरपणीचे दिवस असले, तरी संध्याकाळ मोकळी असते. सोयाबीनची काढणी व त्यानंतर ऊसतोडीस बाहेर पडणे सुरू होण्यापूर्वी अभ्यासाचा मोठा भाग हातावेगळा होऊ शकतो. म्हणून ग्रंथवाचनानंतर आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तास, असा अभ्यासवर्ग विहारात चालवावा. पाच ते दहा जणांचा गट असावा. सर्वांनी पहिल्या वर्षी एकच अभ्यासक्रम, तोही चार किंवा आठ आठवड्यांचा, घ्यावा. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने तांत्रिक मदत करावी. एका उपासिकेकडे हजेरीची वही असावी आणि लागोपाठ दोनदा न आलेल्याच्या घरी दोघांनी जाऊन यावे.

लातूरचे नाव परीक्षेच्या 'लातूर पॅटर्न'मुळे महाराष्ट्रभर झाले. नांदेडातही शिकवणी वर्गांची दाटी झाली आहे. ही सारी व्यवस्था सोळा ते वीस वयाच्या मुलांसाठी, आणि शुल्क भरू शकणाऱ्या पालकांसाठी आहे. त्या मुलांच्या आईबापांसाठी कोणताही पॅटर्न नाही. तो आपल्या विहारांनी घडवावा.

काही सावधगिरी

प्रमाणपत्र आणि पदवी यांत अंतर आहे. अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीसाठी प्रवेश घेण्यापूर्वी ते विद्यापीठ व तो अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे काय, हे स्वतः पाहावे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, विधी यांसारखे अभ्यासक्रम या पद्धतीने मान्य नाहीत. कोणी असा प्रवेश देऊ करीत असेल, तर तो नाकारावा. प्रवेशाची अर्हता नेहमी त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेतूनच वाचावी.

नाव नोंदविताना शाळेच्या टी.सी.वर जसे आहे, तसेच लिहावे. प्रमाणपत्रावर तेच छापून येते. उपासिकांनी आपला ईमेल व मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा. पतीच्या किंवा मुलाच्या मोबाइलवर नोंदविलेले शिक्षण त्यांच्या सवडीवर अवलंबून राहते. ओटीपी कोणासही सांगू नये.

एनपीटीईएलच्या परीक्षा शुल्कात अनुसूचित जातींच्या उमेदवारांना सवलत असते. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मान्य झाला आहे. तेव्हा जातीचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात काढून ठेवावे व हक्काची सवलत मागण्यास संकोचू नये.

धम्मबंधू-भगिनींनो, आपल्या विहारात बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांची प्रतिमा आहे, बहुतेक ठिकाणी पुस्तकांचे कपाटही आहे. त्यांच्याशेजारी एक सतरंजी, एक मोठा पडदा आणि आठवड्यातील दोन तास एवढेच वाढवावयाचे आहे. येत्या आषाढ पौर्णिमेच्या आधी प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीतील शिकू इच्छिणाऱ्या प्रौढांची यादी करावी. त्या यादीतील पहिले नाव समितीच्या अध्यक्षांचे असेल, तर उत्तमच.